नगरपरिषदेने सार्वजनिक कलेचा उपक्रम कसा उभा करावा

मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकातून बाहेर पडले की समोरच्या भिंतीवर बहुधा एक चित्र दिसते. ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे, एक झाड, हसणारी दोन मुले आणि खाली नगरपरिषदेचे नाव. स्वच्छ सर्वेक्षणाचे पथक येण्याआधी आठ दिवसांत ही भिंत रंगवलेली असते. पुढच्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे निघतात, त्यांवर शिकवणी वर्गांच्या जाहिराती चिकटतात आणि वर्षभरात भिंत होती तशी होते. मी अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. अशा भिंतींवर माझ्या विद्यार्थ्यांनी उन्हातान्हात कामे केली आणि पुढे एका नगरपरिषदेच्या कला समितीत बसण्याची संधीही मला मिळाली. त्या अनुभवावरून मला एक गोष्ट पक्की सांगावीशी वाटते. चित्र काढणे हे या कामातील सर्वांत शेवटचे पाऊल आहे. ज्यांच्या डोळ्यांसमोर ते रोज राहणार आहे त्यांना आधी विचारले, कलावंताला त्याच्या कामाचा योग्य मोबदला दिला आणि देखभालीचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढले, तरच ते चित्र गावाचे होते. पुढील मजकूर नगरसेवक, मुख्याधिकारी, सरपंच, कलाशिक्षक आणि गल्लीतील मंडळांचे कार्यकर्ते यांना तो हाताशी ठेवून काम करता यावे, या हेतूने लिहिला आहे.

अधिकार आहे, तो वापरावा

‘हे आपले काम नव्हे, आधी नळाला पाणी द्या,’ असे सभेत कोणीतरी म्हणतेच. पाण्याची मागणी खरी आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. परंतु कला हे पालिकेचे काम नव्हे, हे मात्र खरे नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय दिले आहेत आणि त्यांत सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हा स्वतंत्र विषय आहे. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांतही सांस्कृतिक कार्यक्रमांचा समावेश आहे. म्हणून पहिली पायरी ठरावाची. सर्वसाधारण सभेत, किंवा जेथे प्रशासक असतील तेथे प्रशासकांच्या मान्यतेने, तीन बाबी एकाच ठरावात घ्याव्यात: सार्वजनिक कलेसाठी कायम समिती, अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष (म्हणजे खर्चाचे वेगळे सदर) आणि उभ्या राहिलेल्या कलाकृतींची नोंदवही. लेखाशीर्ष नसेल तर हे काम ‘किरकोळ खर्च’ या सदरात जाते आणि सदर बदलले की बंद पडते. अर्थसंकल्प मार्च महिन्यात मार्गी लागत असल्यामुळे मागणीचे पत्र डिसेंबर-जानेवारीतच लेखा विभागाकडे पोहोचलेले बरे.

समिती सात-आठ जणांपेक्षा मोठी नसावी. त्यात पालिकेचा अभियंता हवा, कारण भिंतीची ओल त्याला कळते. एक कलाशिक्षक, एक व्यावसायिक कलावंत, एखादा स्थानिक इतिहासाचा अभ्यासक आणि ज्या प्रभागात काम होणार आहे तेथील किमान दोन रहिवासी असावेत; त्या दोघांपैकी एक स्त्री असावी. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकांना निवडीच्या बैठकीपुरते बोलावता येते. ज्यांना स्वतःला काम हवे आहे त्यांनी त्या वर्षी समितीवर बसू नये, हा नियम लेखी असावा. लहान गावात सगळेच एकमेकांचे नातलग किंवा विद्यार्थी असतात, म्हणून तो अधिकच गरजेचा आहे.

जागा कोणी निवडायची

आमच्या समितीने पहिल्या वर्षी मुख्य रस्त्यावरची एक लांब, गुळगुळीत, सर्वांना दिसणारी भिंत निवडली होती. त्यानंतर आम्ही आठवडी बाजारात चौकशीला गेलो, तेव्हा तेथे भाजी विकणाऱ्या एका वयस्क बाईंनी शांतपणे सांगितले, ‘गुरुजी, रोडवरच्या भिंतीकडं गाडीतला मानूस बघतो अन् निघून जातो. आमी दिवसभर जिथं बसताव, तिथं कोन बघतंय?’ त्या बसत असत त्या ओट्यांच्या मागे पंचवीस-तीस फूट लांबीची एक भिंत होती आणि तिच्या कोपऱ्याचा उपयोग पुरुष मुतारीसारखा करत. आम्ही निर्णय बदलला. मात्र आधी पलीकडच्या बाजूला खरी मुतारी बांधून घेतली, भिंतीवर दिवा लावला, नाली दुरुस्त केली आणि मगच रंगाचा विचार केला. अनेक ठिकाणी अशा कोपऱ्यात देवादिकांची चित्रे लावण्याची पद्धत आहे. ती कृपा करून कोणी अवलंबू नये. मुतारीची अडचण मुतारी बांधूनच सुटते. चित्रावर थुंकी उडाली की गावात तेढ होते आणि तिचे खापर कलेवर फुटते.

विषयही त्याच बायकांच्या बोलण्यातून निघाला. त्यांतील कित्येकींनी लहानपणी धान्य मापाने घेतलेले होते. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अडशिरी, पायली ही उतरंड त्यांनी आम्हांला तोंडपाठ म्हणून दाखवली: दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. चित्रकाराने ती मापे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने रंगवली आणि प्रत्येक मापात वेगळे धान्य दाखवले: ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, करडई, जवस. ज्वारीच्या दाण्यावर पांढरट झाक हवी की पिवळसर, यावर एक संपूर्ण दुपार चर्चा झाली आणि बायकांनी पदराच्या गाठीतले दाणे काढून चित्रकाराच्या तळहातावर ठेवले. आज त्या भिंतीसमोर आजी नातवाला ‘हे बघ चिपटं’ म्हणून सांगताना दिसते. पूर्वी संध्याकाळी सहानंतर बायका तो कोपरा टाळत. आता उजेड असेपर्यंत त्या तेथे बसतात. सार्वजनिक कलेने समाजाला काय मिळते, असे मला कोणी विचारले तर मी प्रथम या भिंतीचे नाव घेतो.

यावरून जागा निवडण्याची पद्धत अशी ठेवावी. समितीने एखाद्या प्रभागात बाजाराच्या दिवशी आणि एखाद्या साध्या दिवशी, सकाळी व संध्याकाळी, प्रत्यक्ष फिरावे. कोण कोठे थांबते, कोण कोठे बसते, सावली कोणत्या बाजूला असते आणि कोणती जागा लोक टाळतात, हे लिहून काढावे. त्यानंतर शाळा, मशीद, मंदिर, विहार, दर्गा, वाचनालय आणि चहाची टपरी अशा नेहमीच्या बैठकीच्या ठिकाणी जाऊन बोलावे. सभागृहात बोलावलेल्या बैठकीला नेहमीचे दहा चेहरे येतात. रोजगार बुडवून कोणी येत नाही. मराठवाड्यातील गावांत मराठीबरोबर दखनी, उर्दू आणि बंजारा बोली ऐकू येतात. बोलणारे त्या त्या वस्तीतले असावेत, म्हणजे लोक मोकळेपणाने सांगतात.

विषय शोधताना फार लांब जावे लागत नाही. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी बहुतेक प्रत्येक तालुक्यात आहेत आणि १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस येथे घराघरांत ठाऊक आहे. जालन्यासारख्या पोलादाच्या शहरात भंगार लोखंडातून शिल्प घडवता येते आणि ते जोडणारे कुशल वेल्डर त्याच शहरात मिळतात. तांड्यावरच्या बंजारा स्त्रियांच्या भरतकामातील नक्षी फरशीच्या तुकड्यांत फार सुंदर उतरते. मात्र ती नक्षी त्यांच्याकडूनच, त्यांना मानधन देऊन आणि त्यांची नावे लावून घ्यावी. दुःखाच्या विषयाला हात घालताना अधिक जपावे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाचे स्मरण करायचे असेल तर आधी त्या कुटुंबांकडे जावे आणि त्यांनी नको म्हटले तर तेथेच थांबावे. आणि कारंजे मात्र टाळावे. २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात चौकातले कोरडे कारंजे पाहून नागरिकांना काय वाटते, याचा विचार अंदाजपत्रक करण्याआधी व्हायला हवा.

पैसा आणि निविदा

जगात अनेक ठिकाणी सरकारी बांधकामाच्या खर्चातील ठरावीक वाटा कलेसाठी राखला जातो. फ्रान्समध्ये १९५१पासून एक टक्क्याची अशी पद्धत सुरू झाली आणि अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने १९५९मध्ये तसा नियम केला. आपल्या पालिकांनाही स्वतःच्या ठरावाने हे सुरू करता येईल. ५० लाखांची भाजी मंडई बांधताना एक टक्का म्हणजे ५० हजार रुपये होतात. त्यात एका भिंतीचे उत्तम काम होते आणि इमारतीच्या नकाशातच त्या भिंतीची जागा, गिलावा आणि पन्हाळ यांचा विचार करता येतो. याशिवाय जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनांमधून प्रस्ताव देता येतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला व संस्कृती यांचे जतन हा कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) विषय असल्यामुळे औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांकडेही मागणी करता येते. देणगीदाराचे नाव लहान पाटीवर असावे. त्याचे बोधचिन्ह चित्रात शिरू देऊ नये, आणि ही अट देणगी घेण्याआधीच सांगावी.

खरी अडचण खर्चाच्या पद्धतीत आहे. अभियंत्याला दरसूचीतील, म्हणजे कामांच्या सरकारी दरांच्या यादीतील, दर हवा असतो. म्हणून चित्राची निविदा चौरस फुटावर निघते, सर्वांत कमी दर भरणाऱ्याला कार्यादेश मिळतो आणि तो ठेकेदार कोठून तरी उचललेले चित्र चार मुलांकडून दोन दिवसांत उतरवून घेतो. यात दोष ठेकेदाराचा कमी आणि रीतीचा जास्त आहे. यावर उपाय म्हणजे काम दोन भागांत विभागणे. भिंतीची दुरुस्ती, गिलावा, प्रायमर आणि परांची हे दरसूचीप्रमाणे नेहमीच्या निविदेने करावे. कलावंताच्या कामाची रक्कम मात्र आधीच ठरवून जाहीर करावी. त्या रकमेत कोण उत्तम काम देतो, एवढीच स्पर्धा ठेवावी. प्रथम मागील कामांची छायाचित्रे मागवावीत, त्यांतून तीन-चार कलावंत निवडावेत आणि प्रत्येकाला कच्च्या आराखड्याचे मानधन द्यावे. फुकट आराखडे मागवण्याची सवय पालिकेला असेल तर ती मोडावी. या पद्धतीची टिपणी लेखा विभागाकडून तपासून व मुख्याधिकाऱ्यांची मान्यता घेऊन आधीच धारिकेत लावावी, म्हणजे पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघत नाहीत आणि कलावंताचे देयक सहा महिने अडकत नाही.

या निवडीत गावातील जुन्या पेंटरना विसरू नये. फ्लेक्स आल्यापासून ज्यांच्या हातचे काम गेले, त्यांना देवनागरी अक्षराचे वळण, उंचीवर हात स्थिर ठेवणे आणि आपल्या भागातील भिंतींचा स्वभाव या तिन्ही गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. संतकवी दासोपंतांनी कापडावर लिहिलेल्या पासोडीचा वारसा सांगणाऱ्या अंबाजोगाईच्या मुलखात केवळ अक्षरांची एखादी भिंत का असू नये, असे मला नेहमी वाटते. कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुलगी आणि पन्नाशीतला पेंटर यांची जोडी लावली की दोघेही शिकतात. शाळकरी मुलांना सहभागी करून घ्यायचे असेल तर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीतील मुले उत्साहाने येतात. त्यांना सकाळची वेळ, पाणी आणि जमिनीवर उभे राहून करता येईल असेच काम द्यावे, परांचीवर चढवू नये.

करारात काय लिहावे

करार दोन पानांचा असला तरी चालेल, पण असावा. रक्कम किती टप्प्यांत मिळेल, साहित्य कोण देईल, आराखड्यात बदल करण्याचा अधिकार कोणाला आणि किती वेळा, काम किती वर्षे टिकावे अशी अपेक्षा आहे, छायाचित्रे छापण्याचा अधिकार कोणाचा, आणि काम काढायचे झाल्यास कलावंताला किती दिवस आधी कळवायचे, हे त्यात स्पष्ट असावे. शेवटचे कलम किरकोळ समजू नये. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९मध्ये काढून गोदामात टाकले गेले व त्याची मोडतोड झाली. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ खालील कलावंताच्या विशेष अधिकारांच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये ते शिल्प त्यांना परत देण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कलाकृतीचा मोबदला दिला म्हणजे ती हवी तशी मोडण्याचा अधिकार मिळत नाही, हे प्रत्येक पालिकेने लक्षात ठेवावे.

भिंत आधी, रंग नंतर

अजिंठ्याच्या चित्रकारांनी थेट कातळावर रंग लावला नाही. त्यांनी माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग खनिज रंगांनी चित्रे काढली. आपल्या पालिकेची भिंत मात्र बहुधा बोअरच्या खाऱ्या पाण्यात कालवलेल्या सिमेंटची असते. ते क्षार ओलीबरोबर बाहेर येतात, भिंतीला खार फुटतो आणि त्याच्याबरोबर रंगही गळून पडतो. म्हणून गिलाव्याला व पाणी मारायला शक्यतो गोडे पाणी वापरावे आणि नव्या गिलाव्यावर किमान चार आठवडे रंग लावू नये. जुन्या भिंतीची ओल तपासण्याची सोपी रीत अशी: दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दुसऱ्या दिवशी काढावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर आधी ओलीचे कारण शोधावे. वरची पन्हाळ, मागची नाली किंवा जमिनीतून चढणारे पाणी यांपैकी एक कारण सापडतेच.

बाहेरच्या भिंतीसाठी ॲक्रिलिक प्रायमर आणि त्यावर बाहेरच्या वापराचे इमल्शन रंग घ्यावेत. डिस्टेंपर पावसात धुऊन जातो आणि ऑइल पेंटचे उन्हाने पापुद्रे निघतात. पश्चिमेकडच्या भिंतीवर एप्रिल-मेचे ऊन दुपारभर पडते. तेथे झगझगीत गुलाबी आणि जांभळे रंग लवकर विटतात, तर गेरू आणि पिवळ्या मातीसारखे लोहयुक्त रंग वर्षानुवर्षे टिकतात. आपल्या मुलखाचा रंगही तोच आहे. वरून चकचकीत वार्निश मारण्याचा मोह टाळावा. १९२०च्या दशकात निजाम सरकारने अजिंठ्याच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा-काळा पडला आणि तो काढणे हेच एक मोठे काम होऊन बसले. कामाचा काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर असा ठेवावा, कारण त्या दिवसांत रंग सावकाश वाळतो आणि माणसेही दुपारी उभी राहू शकतात.

काळ्या पाषाणात व चुन्यात बांधलेल्या जुन्या वेशी, गढीच्या भिंती आणि बारवा यांवर मात्र कोणताही रंग लावू नये. रंगाच्या थराने दगडाचा आणि चुन्याचा श्वास कोंडतो आणि ओल आतच राहते. तेथे स्वच्छता हीच कलेची सेवा आहे. परभणी जिल्ह्यातील वालूरची चक्राकार बारव गाळ आणि झाडोऱ्याने बुजली होती. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली आणि आज लोक लांबून ती पाहायला येतात. ज्या ग्रामपंचायतीकडे रंगाचेही पैसे नाहीत, तिने अशी एखादी बारव मोकळी करण्यापासून सुरुवात करावी.

परवानग्या

भिंत कोणाची आहे, हे आधी पाहावे. रेल्वे, एसटी महामंडळ, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महावितरण यांच्या भिंतींसाठी त्यांचे लेखी ना-हरकत पत्र लागते. खासगी भिंतीसाठी मालकाची संमती व किती वर्षे चित्र ठेवायचे याचा उल्लेख हवा. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. शिल्पाचा चबुतरा हेही बांधकामच ठरते. पुतळ्याचा मार्ग वेगळा व लांब आहे. त्याला जिल्हा प्रशासनाची परवानगी आणि पुतळ्याच्या मातीत घडवलेल्या नमुन्याला (क्ले मॉडेल) कला संचालनालयाची मान्यता लागते, तसेच सार्वजनिक रस्त्यांवर व पदपथांवर पुतळे उभारण्यास सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी मनाई केली आहे. पहिल्या वर्षी पुतळ्याच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आचारसंहितेच्या काळात पदाधिकाऱ्यांची नावे व पक्षचिन्हे झाकावी लागतात. ती चित्रात नसतील तर चित्रही झाकावे लागत नाही.

देखभाल

मिळालेल्या प्रत्येक १०० रुपयांतील किमान २० रुपये देखभालीसाठी राखावेत आणि ते दुसरीकडे वळवता येणार नाहीत, असे ठरावात लिहावे. नोंदवहीत प्रत्येक कलाकृतीसाठी एक पान असावे: जागा, कलावंत व साहाय्यकांची नावे, वापरलेल्या रंगांची कंपनी व छटांचे क्रमांक, काम संपल्याची तारीख, चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे आणि त्या गल्लीतील दोन माणसांची नावे, ज्यांनी बिघाड दिसताच पालिकेला कळवायचे आहे. उरलेला रंग घट्ट झाकून, डब्यावर नाव लिहून ठेवावा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, समितीने पाहणी करावी. जाहिरात चिकटवणाऱ्यांवर १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याने कारवाई करता येते. तरीही जाहिरात दिसली त्याच दिवशी ती काढणे हा अधिक उपयोगी उपाय आहे, कारण एक कागद राहिला की आठवड्यात वीस होतात.

बाजारातील त्या भिंतीची दुसऱ्या वर्षी पाहणी केली, तेव्हा वरची मापे जशीच्या तशी होती आणि खालचा तीन फुटांचा पट्टा पार घासून गेला होता. भाजीची पोती रोज तेथे टेकवली जात होती. आम्ही पोती हलवायला सांगितले नाही. खालच्या पट्ट्यात शहाबादी फरशीचे तुकडे बसवून घेतले आणि त्यांवर ज्वारीची कणसे कोरून घेतली. आता पोती कणसांना टेकलेली असतात, आणि पुढच्या सर्व भिंतींच्या अंदाजपत्रकात खालचे तीन फूट आम्ही दगडाचेच धरतो.